स्प्रेडशीटमधील सूत्रे आणि फंक्शन

आडव्या ओळी आणि उभे रकाने यांनी आखलेल्या, संगणकावरील हिशेबाच्या तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. त्याच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, आकडा किंवा मजकूर भरता येतो, तसाच उत्तर कसे काढायचे याचा नियमही लिहिता येतो. या नियमाला सूत्र आणि बोलण्यात फॉर्म्युला म्हणतात. सूत्राची सुरुवात बरोबरच्या चिन्हाने होते. सेलमध्ये फक्त उत्तर दिसते. सूत्र पाहायचे तर त्या सेलवर जाऊन वरच्या फॉर्म्युला बारकडे नजर टाकावी लागते. स्प्रेडशीटची सोय या रचनेत आहे आणि तिच्यातील बहुतेक चुका लपतात त्याही इथेच.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिकलिन आणि त्यांचे सहकारी बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला व्हिझिकॅल्क हा प्रोग्राम १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी आला. फळ्यावरच्या हिशेबात एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते काम आता यंत्र करू लागले. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३, १९८५ मध्ये मॅकिन्टॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी एक्सेल, तर २००६ मध्ये गूगलचे स्प्रेडशीट आले. महाराष्ट्रात अनेकांची एक्सेलशी पहिली ओळख एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून झाली आहे.

सूत्रात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि घात यांची चिन्हे वापरतात व कंसाचा नियम शाळेतल्याप्रमाणेच पाळला जातो. एका ठिकाणी मात्र एक्सेल शाळेपासून फारकत घेते: =-२^२ याचे उत्तर गणितात उणे चार, तर एक्सेलमध्ये अधिक चार येते, कारण तेथे ऋणचिन्ह घाताच्या आधी लावले जाते.

सूत्राचा खरा कणा म्हणजे सेलचा पत्ता. रकान्याचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक मिळून बी२ असा पत्ता होतो. सूत्र खाली ओढून त्याच्या प्रती काढल्या की पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात; अशा पत्त्याला सापेक्ष पत्ता म्हणतात. समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या तक्त्यात बी रकान्यात सदनिकांचे क्षेत्रफळ आहे, ई१ मध्ये देखभाल खर्चाचा दर, म्हणजे चौरस फुटाला ३ रुपये, लिहिला आहे आणि सी२ मध्ये =बी२*ई१ हे सूत्र आहे. पहिल्या सदनिकेच्या ६२० चौरस फुटांचे १,८६० रुपये अचूक येतात. सूत्र एक ओळ खाली ओढल्यावर ते =बी३*ई२ होते. ई२ रिकामा असेल तर उत्तर शून्य येते आणि चूक लगेच ध्यानात येते. पण ई२ मध्ये दुसऱ्या एखाद्या आकारणीचा २ रुपये हा दर असेल, तर ५४५ चौरस फुटांच्या सदनिकेला १,६३५ ऐवजी १,०९० रुपयांचे बिल लागते आणि ते पाहून कोणालाही शंका येत नाही. यावरचा उपाय म्हणजे निरपेक्ष पत्ता: $ई$१ असे लिहिले की सूत्र कोठेही नेले तरी तो पत्ता हलत नाही.

फंक्शन म्हणजे नाव दिलेली तयार गणनक्रिया. नावापुढच्या कंसात तिला लागणारी माहिती द्यावी लागते; =सम(बी२:बी१३) म्हणजे बी२ ते बी१३ या सलग बारा सेलची बेरीज. सरासरीसाठी ॲव्हरेज, मोजणीसाठी काउंट, पूर्णांकनासाठी राउंड आणि कर्जाच्या हप्त्यासाठी पीएमटी ही नेहमीच्या वापरातली फंक्शन आहेत. पाच लाख रुपये, द.सा.द.शे. ९ टक्के आणि ६० महिने अशी माहिती दिल्यास पीएमटी दरमहा सुमारे १०,३७९ रुपये हप्ता सांगते. तो ऋण चिन्हासह येतो, कारण पैसे खिशातून जाणार असतात. वार्षिक दराला १२ ने भागायचे मात्र आपणच लक्षात ठेवावे लागते.

अट तपासणारे इफ हे फंक्शन वरकरणी फार सोपे आहे. निकालपत्रकात =इफ(सी२>=३५,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण") असे लिहिले की काम झाले, असे वाटते. परंतु एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणांच्या जागी "गैरहजर" असा शब्द असेल, तर तो उत्तीर्ण ठरतो! तुलनेत मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो, हे त्याचे कारण. उलट ॲव्हरेज त्या सेलकडे दुर्लक्ष करते आणि रिकामा सेल इफच्या तुलनेत शून्य धरला जातो. म्हणून आधी इझनंबर या फंक्शनने सेलमध्ये संख्या आहे का हे तपासावे आणि मगच गुणांची अट लावावी.

दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणाऱ्या व्हीलुकअपचा फटकाही बहुतेकांना एकदा तरी बसतो. त्याचा चौथा, ऐच्छिक भाग गाळला तर ते तंतोतंत जुळणीऐवजी जवळची जुळणी शोधते, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर भलतेच नाव किंवा किंमत आणून ठेवते. नंतर आलेल्या एक्सलुकअपमध्ये तंतोतंत जुळणी हाच मूळ पर्याय ठेवला आहे.

शून्याने भागल्यास किंवा सूत्रातला सेल काढून टाकल्यास स्प्रेडशीट ठराविक त्रुटिसंदेश दाखवते. ते वाचणाऱ्याला खटकतात, पण दुरुस्तीची जागा दाखवून देतात; त्रुटीच्या जागी आपण ठरवलेला मजकूर दाखवणारे इफएरर हे फंक्शन सरसकट लावून ते झाकण्याची सवय म्हणूनच चांगली नव्हे.

संदेश न देणाऱ्या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अर्थशास्त्रातले आहे. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्का असते, असे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडले होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील विद्यार्थी थॉमस हर्नडन यांनी लेखकांकडून मूळ फाइल मिळवली आणि दोन प्राध्यापकांसह २०१३ मध्ये ती सरासरी २.२ टक्के असल्याचे दाखवले. या तफावतीचा मोठा भाग देशांना दिलेले भारांक, म्हणजे सरासरीत प्रत्येकाला दिलेले वजन, आणि वगळलेली वर्षे यांमुळे होता. मात्र सरासरीचे सूत्र उघडून पाहिल्यावर त्यातला पल्ला ओळ ३० ते ४९ असायला हवा होता तो ४४ वरच थांबलेला आढळला, आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश हिशेबात आलेच नव्हते.