मिनिमम, डिझायर्ड, मॅक्सिमम: पार्टिशन टेम्प्लेटमधल्या तीन रकान्यांची पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आयबीएमचे पॉवर सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये कुणी नवं आलं की एक प्रश्न हमखास येतो. हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एचएमसी, उघडायचा. टेम्प्लेट लायब्ररीतलं एक पार्टिशन टेम्प्लेट, म्हणजे सर्व्हरच्या एका स्वतंत्र भागाला (पार्टिशनला) किती प्रोसेसर-मेमरी द्यायची याचा साचा, एडिटला घ्यायचं. मेमरीच्या पानावर आलं की समोर तीन रकाने दिसतात: मिनिमम, डिझायर्ड, मॅक्सिमम. एका यंत्रावर अनेक मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. तिथे मशीनला मेमरी द्यायची म्हणजे मुळात एक आकडा भरायचा. इथे तीन कशाला?

त्यांचा अर्थ सोपा आहे. मिनिममइतकी मेमरी मोकळी नसेल तर पार्टिशन सुरूच होत नाही. डिझायर्ड मिळाली तर ती घेऊन सुरू होतं. चालू असताना वाढवत नेलं तरी मॅक्सिममच्या पलीकडे जाता येत नाही. पण हे रकाने तिथे आले कसे, हे समजायला बरंच मागे जावं लागतं, आणि मागे गेल्यावर फॉर्म भरायची पद्धतही बदलते.

एका यंत्रात अनेक यंत्रं भासवायची कल्पना साठच्या दशकातली. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने सिस्टिम/३६० मॉडेल ४० मध्ये फेरफार करून सीपी-४० उभारलं. त्यात प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचं अख्खं ३६० मिळाल्यासारखं वाटायचं. पुढे सीपी-६७ आलं आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे विकाऊ उत्पादन झालं. मात्र ही वाटणी सॉफ्टवेअरच्या थराने केलेली होती आणि त्या थराचा भार यंत्रावर पडायचा. ज्यांचे रोजचे व्यवहार यंत्रावर चालत, त्यांना प्रॉडक्शन आणि टेस्ट यांच्यात याहून पक्की भिंत हवी होती. ती आधी दिली आयबीएममधून बाहेर पडलेल्या जीन अॅमडाल यांच्या कंपनीने, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मल्टिपल डोमेन फॅसिलिटी या नावाने. आयबीएमने १९८८ मध्ये ३०९० मालिकेवर पीआर/एसएम आणून उत्तर दिलं आणि लॉजिकल पार्टिशन, एलपार, हा शब्द रुळला.

हे दशक मुंबईपर्यंत फारसं पोहोचलंच नाही. शहराला मोठी यंत्रं नवीन नव्हती: कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ मध्येच सीडीसी ३६०० आलेलं होतं. एलआयसीतल्या संगणकाविरुद्ध साठच्या दशकात कामगार संघटनांनी दिलेला लढाही जुन्या लोकांच्या लक्षात आहे. पण १९७३ च्या फेरा (परकीय चलन नियमन) कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलाला ४० टक्क्यांची मर्यादा घातली, आयबीएमला ती मान्य नव्हती आणि १९७८ मध्ये तिने इथलं दुकान आवरलं. ती परतली १९९२ मध्ये, टाटांच्या भागीदारीत. मधल्या काळात जगात एलपार रुजत होतं आणि इथे बँका वेगळ्याच वाटेने चालल्या होत्या. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखाशाखांत अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन आली. शाखा वेगळी, यंत्र वेगळं, खातंवही वेगळी. जिथे प्रत्येकाचं यंत्र आधीच सुटं, तिथे एका यंत्राचे तुकडे करायची गरज कुणाला वाटणार?

गरज वाटली ती कोअर बँकिंगमुळे. २००० च्या दशकात शाखांमधला डेटा एका जागी आला आणि मग एका हॉलमध्ये यंत्रांची गर्दी झाली: कोअर बँकिंगला एक, एटीएम स्विचला एक, इंटरनेट बँकिंगला एक, प्रत्येकाचं यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी चाचणी घ्यायचं यंत्र, वेगळं, रिपोर्टिंग वेगळं. बहुतेक यंत्रं दिवसाचा मोठा भाग रिकामी बसलेली, पण वीज, एसी आणि जागा पूर्ण खाणारी. नरिमन पॉइंट किंवा बीकेसीच्या भाड्यात हे परवडणारं नव्हतं. म्हणून हॉल खाडीपलीकडे गेले. आणि थोड्या, मोठ्या यंत्रांत पार्टिशन करून सगळं बसवायचं हा हिशेब तेव्हा मुंबईला पटला.

नेमक्या त्याच सुमाराला आयबीएमने ही सोय युनिक्सच्या बाजूला आणली होती. एएस/४०० वर एलपार १९९९ मध्ये आलं. ऑक्टोबर २००१ मध्ये पॉवर-४ प्रोसेसरचं पीसिरीज ६९०, टोपणनाव रेगाटा, जाहीर झालं: ३२ प्रोसेसर, जास्तीत जास्त १६ पार्टिशन. त्याच्यासोबत एचएमसी आला. हा एचएमसी म्हणजे तेव्हा लिनक्स घातलेला एक साधा पीसी, सर्व्हरला सिरियल केबलने जोडलेला. त्याचं काम वाटणी आणि देखरेखीचं, पार्टिशन प्रत्यक्ष चालवायचं नाही. तो बंद पडला तरी पार्टिशन चालू राहतात, ही गोष्ट नव्या माणसाला आजही दोनदा सांगावी लागते.

तीन रकाने याच काळातले. रेगाटावर पार्टिशनला प्रोसेसर अख्खे मिळायचे आणि सुरुवातीला वाटणी बदलायची तर पार्टिशन बंद करावं लागायचं. एकाच फ्रेमवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर, प्रॉडक्शन आणि टेस्ट असायचे. एखादा प्रोसेसर किंवा मेमरीचं कार्ड बिघडून बाजूला काढलं गेलं, तर सकाळी प्रॉडक्शनला हवी तेवढी मेमरी मिळेलच याची खात्री नसायची. कमी मेमरीत का होईना, पण सुरू तर व्हावं, यासाठी मिनिमम. २००२ मध्ये एआयएक्स ५.२ या आयबीएमच्या युनिक्ससोबत चालू पार्टिशनमध्ये प्रोसेसर-मेमरी घालायची-काढायची सोय आली, आणि मॅक्सिममला खरा अर्थ आला.

मॅक्सिममची खोच इथे आहे. हायपरव्हायजर, म्हणजे सर्व्हरमधला वाटणी सांभाळणारा थर, प्रत्येक पार्टिशनसाठी मेमरीच्या पानांचा एक तक्ता राखून ठेवतो, आणि त्याचा आकार पार्टिशन आत्ता किती मेमरी वापरतंय यावर ठरत नाही, मॅक्सिममवर ठरतो. बराच काळ हे प्रमाण १/६४ होतं. म्हणजे डिझायर्ड ६४ जीबी आणि ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून मॅक्सिमम २५६ जीबी ठेवली, तर ४ जीबी मेमरी तक्त्यात अडकली. अशा वीस पार्टिशनांत ८० जीबी, जी कुणाच्याच उपयोगाची नाही, फक्त विकत घेतलेली. उलट मॅक्सिमम कंजूषपणे ६४ जीबीच ठेवली, तर मार्चअखेरीला चालू पार्टिशनमध्ये एक जीबीदेखील वाढवता येत नाही. मॅक्सिमम वाढवायला पार्टिशन पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावं लागतं. नुसतं आतून रीबूट पुरत नाही.

आणि बंद करायचं कधी? एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झालं, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. त्याआधी रात्रीचे काही तास आणि रविवार हक्काचे असायचे. आता पेमेंटच्या यंत्रासाठी चेंज विंडो (बदलासाठी यंत्र बंद ठेवायची वेळ) मागायची म्हणजे व्यवसायाच्या लोकांपासून रिस्कपर्यंत सगळ्यांच्या सह्या. टेम्प्लेटमधला मॅक्सिममचा रकाना म्हणूनच मला सगळ्यात महाग रकाना वाटतो. डिझायर्डचा आकडा निदान चालू यंत्रावर दुरुस्त करता येतो.

प्रोसेसरच्या पानावर रकाने आणखी वाढतात, कारण २००४ मध्ये पॉवर-५ आला आणि अख्खा प्रोसेसर देण्याची सक्ती संपली. एका प्रोसेसरचा दहावा भागही पार्टिशनला देता येऊ लागला, आणि कमाल पार्टिशनांची संख्या २५४ वर गेली. पार्टिशन कॅप्ड ठेवायचं, म्हणजे ठरल्या वाट्यापुढे जाऊ द्यायचं नाही, की अनकॅप्ड, हा प्रश्न तेव्हापासूनचा. अनकॅप्डचं गणित चाळीतल्या सामाईक टाकीसारखं: प्रत्येक बिऱ्हाडाचा वाटा ठरलेला, शेजारचे गावाला गेले असतील तर त्यांचं पाणी इतरांनी वापरावं, ते परतले की त्यांचा वाटा आधी त्यांचा. उरलेलं मागणारे अनेक असले तर कुणाला किती, हे वेट ठरवतो. तो ० ते २५५ मधला आकडा असतो, न सांगता १२८. सगळ्या पार्टिशनांत १२८ तसाच सोडलेला असेल तर प्रॉडक्शन आणि यूएटी उरलेल्या प्रोसेसरवर सारख्याच हक्काने भांडतात. हे मी अनेक टेम्प्लेटांत पाहिलं आहे. हा आकडा कुणी ठरवून तिथे ठेवलेला नसतो, आलेला तसा राहिलेला असतो.

याच पानावर व्हर्च्युअल प्रोसेसरचा रकाना आहे. एंटायटलमेंट, म्हणजे ठरलेला वाटा, ०.५ आणि व्हर्च्युअल प्रोसेसर २ असं भरलं, तर अनकॅप्ड पार्टिशन गर्दीच्या वेळी दोन कोरपर्यंत जाऊ शकतं, त्यापुढे फ्रेम रिकामी असली तरी नाही. प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरमागे किमान वाटा पूर्वी ०.१ लागायचा, पॉवर-७ प्लसपासून ०.०५ पुरतो. तरीही जुन्या एक्सेल शीटमधून उचललेला ०.१ नव्या टेम्प्लेटांत अजून भेटतो.

एक्सेल शीटचा विषय निघालाच आहे तर टेम्प्लेट येण्याआधीचं सांगायला हवं. २००१ पासून पुढची दहा-बारा वर्षं एचएमसीवर टेम्प्लेट नव्हतंच. होतं ते प्रोफाइल, म्हणजे आकड्यांची नोंद, पण ते एकाच पार्टिशनचं. चालू पार्टिशनमध्ये मेमरी वाढवली आणि ती प्रोफाइलमध्ये लिहायला विसरलं, की पुढच्या वेळी बंद करून सुरू केल्यावर पार्टिशन जुन्या आकड्यांवर उठायचं. चाळीस पार्टिशन करायची तर लोक शीटमध्ये ओळी भरायचे आणि त्यातून पार्टिशन बनवणाऱ्या एमके-सिस-सीएफजी कमांडची लांबच लांब ओळ तयार करायचे, स्वल्पविरामांनी जोडलेली. मेमरी तिथे एमबीमध्ये, म्हणजे ६४ जीबी हवी तर ६५५३६. एक आकडा इकडेतिकडे झाला की कमांड नाकारली जाई, किंवा जास्त वाईट म्हणजे स्वीकारली जाई. शीट मात्र टीम सोडून गेलेल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर असायची.

दुसऱ्या बाजूला व्हीएमवेअरने २००३ मध्ये व्हर्च्युअलसेंटर आणलं आणि टेम्प्लेट ही रोजची गोष्ट करून टाकली. पण ते टेम्प्लेट वेगळ्या जातीचं. त्यात डिस्कसकट अख्खं मशीन असतं. ते बदलायचं तर आधी त्याचं परत मशीन करायचं, सुरू करायचं, पॅच घालायचे, बंद करायचं, पुन्हा टेम्प्लेट करायचं. सहा महिने हात लावला नाही तर त्यातून निघणारं प्रत्येक नवं मशीन जन्मतःच सहा महिने जुनं. २०१४ मध्ये पॉवर-८ सोबत एचएमसीच्या आठव्या आवृत्तीत टेम्प्लेट लायब्ररी आली, तिच्यातल्या पार्टिशन टेम्प्लेटमध्ये डिस्कचा मजकूर नाही. फक्त आकडे आणि जोडण्या: प्रोसेसर, मेमरी, व्हर्च्युअल नेटवर्क, व्हर्च्युअल स्टोरेज. म्हणून ते शिळं होत नाही असं वाटतं, पण आकडेही शिळे होतात, फक्त वास येत नाही.

कंपनीने दिलेली तयार टेम्प्लेटं एडिट होत नाहीत. कॉपी करायची, नाव द्यायचं, मग बदलायचं. हा नियम मला आवडतो, कारण मूळ नेहमी शाबूत राहतं. तोटा एवढाच की लायब्ररीत कॉपीच्या कॉपी साचतात: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘वापरा हेच’. माझ्या टीममध्ये मी नावात महिना आणि चेंज तिकिटाचा क्रमांक घालायला लावतो. ऑडिटवाल्यांना तेवढं पुरतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. दुसरी सोय म्हणजे चालू पार्टिशनवरून टेम्प्लेट कॅप्चर करणं. व्यवस्थित चाललेलं एखादं यूएटी पार्टिशन पकडायचं, त्याच्यावरून टेम्प्लेट घ्यायचं आणि त्यातला मॅक्सिमम, वेट आणि नेटवर्क हे तीन पुन्हा तपासायचे. कोऱ्या फॉर्मपेक्षा हे बरं.

मुंबईत टेम्प्लेटचा खरा उपयोग मात्र नवं पार्टिशन करण्यापेक्षा दुसऱ्या शहरात तेच पार्टिशन उभं करण्यात आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला आणि एका शहरात सगळं ठेवण्याचा अर्थ काय, हे वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही. टेम्प्लेट एका एचएमसीवरून एक्स्पोर्ट करून दुसऱ्या शहरातल्या डीआर (संकटकाळी वापरायच्या राखीव) साइटच्या एचएमसीवर इम्पोर्ट करता येतं. तिथली फ्रेम लहान असेल तर डिझायर्ड मिळत नाही, आणि २००१ मधला मिनिममचा रकाना अचानक कामाचा ठरतो: अर्ध्या मेमरीत का होईना, पार्टिशन उठतं. मिनिमम आणि डिझायर्ड सारखेच भरलेले असतील तर उठत नाही.

आता पार्टिशन आपोआप उभी करायला पॉवरव्हीसी आहे, एचएमसीसाठी अॅन्सिबलचं कलेक्शन आहे, आणि बऱ्याच टीम कन्सोलवरचं टेम्प्लेट सोडून थेट तिकडे वळल्या आहेत. नावं बदलली तरी आत जाणारे आकडे तेच. टेम्प्लेट असो की अॅन्सिबलचं प्लेबुक, पार्टिशन तयार झालं की दोघांचा संबंध तुटतो: आज टेम्प्लेटमधला मॅक्सिमम सुधारला म्हणून गेल्या वर्षी त्यावरून केलेल्या पार्टिशनमध्ये काहीच बदलत नाही. म्हणून डीआर ड्रिलच्या आधी दोन्ही साइटवर एलएस-सिस-सीएफजी ही आकडे दाखवणारी कमांड चालवायची, आउटपुट शेजारी ठेवायचं आणि टेम्प्लेटशी रकान्यागणिक ताळा करायचा, हे काम आजही कुणाला तरी बसून करावं लागतं.