निचऱ्याचं पाणी बांधापलीकडे

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांच्या नदीकाठच्या शिवारात उन्हाळ्यात फिरलं, की मधूनच एखादं रान पांढरं फटक दिसतं. उसाची उगवण तुटक, जो उगवतो त्याची पानं टोकाकडून करपलेली. शेतकरी दोन-तीन लावणी करून बघतो, नांग्या भरतो, शेवटी नाद सोडतो. मग तिथं लव्हाळा माजतो. हे घडतं ते जत-आटपाडीच्या दुष्काळी माळावर नव्हे, तर बारमाही पाण्याच्या पट्ट्यात. क्षार साठून बिघडलेल्या अशा जमिनीला क्षारपड म्हणतात.

इथली काळी माती भारी. तिच्यातले चिकणमातीचे कण ओले झाले की फुगतात, भेगा मिटतात आणि पाण्याला खाली जायला वाटच उरत नाही. त्यात उसाला पाटानं पाणी. सगळ्या हंगामात मिळून दोन मीटर उंचीचं पाणी दिलं असं धरलं, तर एकराला 80 लाख लिटर झालं. या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असतील, तर ते पाणी आपण बिनतक्रार पितो. पण त्यातून एका एकरात हंगामाला 4 टन क्षार येऊन पडतात. ऊस पाणी ओढून घेतो आणि क्षार बहुतेक सगळे मागे ठेवतो. खाली निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुऊन जातात. नसेल तर भूजल वर येत राहतं. ते जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या आत आलं, की दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार वरच्या थरात सोडतं. दर उन्हाळ्यात थोडे थोडे.

शास्त्राला यात नवं काही नाही. नीरा डाव्या कालव्यावर बारामतीकडची रानं इंग्रजांच्या काळातच पाणथळ झाली होती आणि त्यावर तेव्हाच्या अभियंत्यांनी चर खणून प्रयोगही केले होते. शंभर वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आज बांधावर का पोचलेली नसते, हा खरा प्रश्न. ती पोचवण्यासाठीच विस्तार शिक्षण नावाची यंत्रणा उभी आहे.

कृषी विद्यापीठाकडे शिक्षण आणि संशोधन ही कामं असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. विस्तार हे तिसरं काम फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. ही घडी मुळात अमेरिकेतली. तिथं 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं विद्यापीठाचं संशोधन गावोगाव नेणारी माणसं नेमायची सोय झाली. आपल्याकडे हेच काम करणारं पहिलं कृषी विज्ञान केंद्र 1974 साली पुदुच्चेरीत निघालं. सांगली-सातारा हे 1968 साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. मिरज तालुक्यातलं कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र, फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, साताऱ्याजवळचं बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र ही सगळी याच विद्यापीठाची. पाडेगावचं केंद्र तर विद्यापीठाच्याही आधीचं, 1932 चं. क्षार बऱ्यापैकी सोसणारा फुले 265 हा ऊस तिथलाच.

विस्तार म्हणजे नेमकं काय, हे बघायचं तर कृषिदूतांबरोबर एक सकाळ काढावी. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं काही महिने गावात राहायला येतात. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. त्यांचा हमखास कार्यक्रम म्हणजे माती नमुन्याचं प्रात्यक्षिक. रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडायच्या. बांधाच्या कडेची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा वर्ज्य. वरचा काडीकचरा बाजूला करून खुरप्यानं वीतभर खोल, इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. सगळी माती गोणपाटावर ओतून मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची. असं करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत. रासायनिक खताची रिकामी पोती वापरली, की तपासणीचे आकडे फसलेच म्हणून समजा.

क्षारपड रानात मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथं फूट-फूट खोलीचे तीन वेगळे नमुने लागतात, कारण क्षार कुठल्या थरात साठलेत हे कळायला हवं. पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये काढलेला नमुना खरा बोलतो. जुलैत काढला तर क्षार खाली सरकलेले असतात आणि अहवाल उगाच चांगला येतो.

अहवालात तीन आकडे बघायचे. विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती याचं माप, 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त. सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. हा फरक पुस्तकी नाही, पैशाचा आहे. चोपण जमिनीत जिप्सम टाकलं, की त्यातलं कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. पण नुसत्या क्षारयुक्त जमिनीत हाकलायला तेवढा सोडियम चिकटलेलाच नसतो; तिथं चांगलं पाणी आणि निचरा हेच औषध. दुकानदारानं सांगितलं किंवा शेजाऱ्यानं टाकलं म्हणून जिप्समच्या गोण्या ओतणारे कमी नाहीत. आणि जमीन चोपण असली तरी सुटलेल्या सोडियमला बाहेर पडायला वाट नसेल, तर जिप्समचे पैसे पाण्यात.

म्हणजे फिरून फिरून निचरा. उघडे चर स्वस्त, पण जागा खातात आणि दरवर्षी बुजतात. जमिनीखाली मीटर-सव्वा मीटरवर छिद्रांचे, गाळणीचं कापड गुंडाळलेले प्लास्टिकचे पाइप टाकले, की वर पीक घेता येतं. भारी मातीत मोल नांगरही चालतो. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा लोखंडी तुकडा ट्रॅक्टरनं साधारण दोन फूट खोलीवरून ओढायचा, त्यानं चिकणमातीत पोकळ बोगदा तयार होतो. पाइपापेक्षा खर्च कितीतरी कमी, मात्र काही वर्षांनी बोगदा ढासळतो आणि पुन्हा ओढावा लागतो.

इथवर सगळं शास्त्र. पुढचा प्रश्न सोपा वाटतो: पाइपातलं पाणी सोडायचं कुठं? माझ्या रानाच्या खाली शेजाऱ्याचं रान, त्याच्या खाली तिसऱ्याचं आणि मग ओढा. तो ओढाही कधीकाळी कुणीतरी बुजवून त्यात ऊस लावलेला. एकट्यानं लाखभर रुपये घालून पाइप टाकले, तरी वरच्याच्या पाटाचं पाणी झिरपून येत राहतं आणि खालचा ‘तुझं पाणी माझ्या रानात नको’ म्हणतो. क्षारपड हा सातबाऱ्याचा रोग नाही, शिवाराचा आहे. गट झाला, मुख्य पाइप कुठून न्यायचा यावर सह्या झाल्या, ओढा मोकळा झाला, तरच काम होतं.

माझ्या मते विस्तार यंत्रणा नेमकी इथं कमी पडते. मेळाव्यांना किती माणसं आली, किती पत्रकं वाटली याची नोंद चोख असते. प्रात्यक्षिकाचा प्लॉट बहुधा रस्त्याकडेच्या, ऐपतदार शेतकऱ्याचा. पण तीन भावकींना एका झाडाखाली बसवून उताराची पातळी दाखवणं, कुणाचं नुकसान किती आणि खर्चाचा वाटा कुणाचा हे मांडणं, या कामाला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि त्याचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो. जिथं हे नेटानं होतं, तिथं रान पुन्हा लागवडीखाली येतं. साताऱ्याच्या दुष्काळी माण-खटावमध्ये प्रश्न उलटा, पाणी अडवण्याचा. पण तिथंही माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे एकत्र आल्याशिवाय पाणलोटाची कामं टिकत नाहीत.

एक अडचण मात्र निचऱ्यानं संपत नाही, ती पुढं सरकते. ओढ्यात सोडलेले क्षार कृष्णेत जातात, आणि उन्हाळ्यात नदी रोडावलेली असताना ते खालच्या गावांना भोवतात. म्हणून निचऱ्याआधी मुळात पाणी कमी देणं आलं: ठिबक, सरीत पाचटाचं आच्छादन, मधूनच धैंचा हे हिरवळीचं खत गाडणं. निचऱ्याचं पाणी फार खारट नसेल तर ते चांगल्या पाण्यात मिसळून पुन्हा वापरताही येतं.

हे सगळं जमतंय का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पाइपाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याची वाहकता खिशात मावणाऱ्या मीटरनं मोजता येते. आकडा हंगामागून हंगाम उतरत गेला, की रान धुतलं जातंय. तो अडकून बसला, तर वरच्या कुणाच्या तरी पाटाकडे बघायचं. असा एक मीटर प्रत्येक गटाकडे हवा आणि दर महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला हवा.