जागतिक घटनांची वृत्तनिवड (खानदेश)

जगात रोज घडणाऱ्या असंख्य घटनांपैकी कोणती बातमी म्हणून घ्यायची, ती कोणत्या पानावर किती कॉलमांत लावायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवण्याच्या कामाला वृत्तनिवड म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात परदेशाची बातमी तीन-चार हातांतून जाऊन वाचकाला मिळते. प्रत्येक हात तिच्यातले काही गाळतो. शेवटचा हात स्थानिक डेस्कवरच्या उपसंपादकाचा असतो. वृत्तनिवडीच्या चर्चेत त्याचा विचार सहसा होत नाही, पण तो व्हायला हवा.

पहिली गाळणी मोठ्या वृत्तसंस्थांची. असोसिएटेड प्रेस (1846), रॉयटर्स (1851) आणि 1835 च्या आव्हास संस्थेची वारस असलेली फ्रान्सची एएफपी यांचे वार्ताहर जिथे आहेत, तिथली घटना जगाला लवकर कळते. भारतात ही कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, मुख्यतः प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया (पीटीआय) या वृत्तसंस्थेमार्फत येते. पीटीआयचे काम 1949 मध्ये सुरू झाले. बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेने वाहतो, ही तक्रार जुनीच आहे. तिच्यातूनच अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांची बातम्यांच्या देवाणघेवाणीची समाईक व्यवस्था (‘न्यूज पूल’) उभी राहिली, आणि 1980 मध्ये युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल आला. ओघाची दिशा मात्र फारशी बदलली नाही.

पुढची गाळणी डेस्कची. रात्री साडेनऊ-दहाचा सुमार. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडे जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते, म्हणून तिची पाने आधी लावावी लागतात. ‘देश-विदेश’च्या पानावर उपसंपादकाने इंग्रजी कॉपीवरून सुदानची बातमी मराठीत करून दोन कॉलमांत बसवलेली असते. तेवढ्यात जाहिरात विभागाकडून गंधमुक्ती व उत्तरकार्याची एक जाहिरात येते, फोटोसह. ती उद्याच लागायला हवी, कारण कार्यक्रमच परवा आहे. दोन कॉलमांची बातमी एका कॉलमाची होते, मग चार ओळींचे ‘संक्षिप्त’. पान सुटायची वेळ झाली की तेही जाते. इथे कोणी सुदानविरुद्ध कट केलेला नसतो. जागा संपलेली असते आणि घड्याळ थांबत नाही.

काय आत घ्यायचे आणि काय अडवायचे हे ठरवणाऱ्या माणसाला अभ्यासक ‘द्वारपाल’ म्हणतात. ही कल्पना मुळात बातम्यांवरून आलेली नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1940 च्या दशकात अमेरिकी घरांत ताटात काय वाढले जाते आणि ते कोण ठरवते, याचा अभ्यास केला. तिथून ती आली. 1950 मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी एका छोट्या अमेरिकी दैनिकाच्या तार-संपादकाने (वृत्तसंस्थांच्या तारांतून बातम्या निवडणाऱ्याने) आठवडाभरात कोणती कॉपी घेतली आणि कोणती फेकली, हे तपासले. आलेल्या मजकुरापैकी साधारण एक दशांशच छापला गेला होता, आणि नकाराच्या कारणांत ‘जागा नाही’ हे पुन्हापुन्हा येत होते. 1965 मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी काँगो, क्यूबा व सायप्रसच्या पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन वृत्तपत्रांत कशा आल्या हे पाहून बारा निकष मांडले. त्यांचा गाभा असा: घटना अचानक घडलेली, ठळक आणि संदिग्ध नसलेली असावी, बड्या देशांशी वा बड्या माणसांशी जोडलेली असावी, तिच्यात एखाद्या माणसाचा चेहरा असावा, काही अनिष्ट असावे आणि ती वाचकाला जवळची वाटावी.

‘जवळची’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक मुलखात वेगळा. खानदेशात तो कापसाने ठरतो. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा भारतातल्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि त्या तेजीत खानदेशही होता. युद्ध संपताच भाव कोसळले. दूरदेशीची लढाई शेतकऱ्याच्या ओट्यापर्यंत पोहोचते, हे या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला आणि केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेर, मग वर्षअखेरपर्यंत उठवले. परराष्ट्र धोरणाची ही बातमी चोपडा-पारोळ्यात बाजारभावाची बातमी होती. पारावर प्रश्न एकच: “आज भाव काय निंघना?”

जळगावच्या सराफ बाजाराचेही तसेच. एप्रिल 2025 मध्ये सोने दहा ग्रॅमला एक लाखाच्या घरात गेले, तेव्हा व्यापारयुद्ध हा शब्द लग्नघरांत पोहोचला. रावेर-यावलची केळी इराण, इराक व आखाती देशांत जातात, म्हणून तिकडचा तणाव इथे भावाच्या रूपाने कळतो. डाळ उद्योगाला कॅनडाची मसूर, म्यानमारचा उडीद आणि मोझांबिकची तूर ठाऊक आहे. पण त्या देशांतली माणसे बातमीत क्वचितच येतात. येतो तो त्यांचा माल.

नात्याचा धागा असला तर मात्र माणसेही येतात. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा खानदेशातली मुले तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. तिथल्या खार्किव्ह शहरातले तळघर एकाएकी तालुक्याची बातमी झाले. त्याच काळात इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात नोव्हेंबर 2020 पासून सुरू असलेले युद्ध जगभरच दुर्लक्षित राहिले. तिथल्या मृतांचे अंदाज काही लाखांत जातात.

सगळ्यांत मोठा तोटा संथ घटनांचा होतो. थॉमस आइझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे 5,000 आपत्ती अमेरिकी दूरचित्रवाणीच्या बातम्यांशी ताडून पाहिल्या. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जी शक्यता असते, तेवढीच शक्यता अन्नटंचाईच्या बाबतीत गाठायला जवळजवळ 40,000 माणसे मरावी लागतात, असे त्यांना आढळले. ऑलिंपिकसारख्या घटनेने पडदा व्यापला की आपत्तीची बातमी मागे पडते आणि तिच्याबरोबर मदतही घटते. दुष्काळ हळूहळू येतो. तो कोणत्या दिवशी ‘घडला’ हे सांगता येत नाही, आणि दैनिकाला तर दिवस हवा असतो.

या नियमाची दुसरी बाजू खानदेशाने स्वतः भोगली आहे. नर्मदेच्या काठचे मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले गाव (तेव्हा धुळे जिल्हा, 1998 पासून नंदुरबार) सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणार होते. गावकऱ्यांनी हलायला नकार दिला. प्रकल्पात जागतिक बँकेचा पैसा होता. बँकेने नेमलेल्या मोर्स आयोगाने 1992 मध्ये प्रतिकूल अहवाल दिला, 1993 मध्ये कर्जाचा उरलेला भाग थांबला, आणि 1994 मध्ये मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा मणिबेलीच्याच नावाने निघाला. वाढते पाणी, उभी राहिलेली माणसे, समोर बडी संस्था: बातमीला लागते ते सगळे तिथे होते. त्याच डोंगरातले, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरचे बालकांचे कुपोषण वर्षानुवर्षे चालू असते, पण मुंबईच्या पहिल्या पानावर ते एखाद्या अहवालापुरते, न्यायालयाच्या ताशेऱ्यापुरते येते. लंडनच्या डेस्कला सुदान जितका दूर, तितकाच मुंबईच्या डेस्कला धडगाव दूर. ज्या प्रदेशाला हे अंतर सोसावे लागते, त्याच्या वृत्तपत्रांनी तेच अंतर दुसऱ्याला लावू नये, असे म्हणण्याचा हक्क इथल्या वाचकाला आहे.

जग इथे परके होते असेही नाही. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. अध्यक्षपदावरून जवाहरलाल नेहरू शेतकऱ्यांच्या कर्जाबरोबरच युरोपातल्या फॅसिझमविषयी आणि स्पेनच्या लढ्याविषयी बोलले. त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. पुढे 1938 मध्ये त्यांनी तिथूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले.

आता डेस्कच्या जोडीला मोबाइल आला आहे. तिथली निवड आधी काय पाहिले त्यावरून यंत्र करते, त्यामुळे युक्रेन पाहणाऱ्याला आणखी युक्रेनच दिसते. खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. बातम्या द्यायच्याच तर आकाशवाणीची वार्तापत्रे लावावी लागतात. जी परदेशी बातमी ना बाजाराला भिडते ना व्हिडिओला, तिचे शेवटचे ठिकाण अजून छापील पानच आहे.

जवळीक पुष्कळदा डेस्कलाच शोधावी लागते. सुदानमध्ये एप्रिल 2023 मध्ये पेटलेल्या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसे बेघर केली. तिथे निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधे गेझिरा नावाचा सपाट, काळ्या जमिनीचा प्रदेश आहे. 1925 च्या सेन्नार धरणापासून तिथे पाटाच्या पाण्यावर कापूस पिकवला जातो. डिसेंबर 2023 मध्ये निमलष्करी फौजांनी गेझिराचे मुख्य शहर वद मदनी घेतले आणि तिथल्या शेतकऱ्यांना गाव सोडून पळावे लागले. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ही बातमी कापसाच्या पानावरही लावता आली असती.