यजमान नेमका कोण? जागतिक स्वयंसेवी परिषदांच्या जागा ठरण्यामागची पार्श्वभूमी

स्वयंसेवकांच्या जागतिक जाळ्यांची वार्षिक परिषद पुढच्या वर्षी कुठे भरणार, याची घोषणा बहुधा एका ओळीत होते आणि त्या ओळीत एका शहराचे नाव ‘यजमान’ म्हणून येते. त्या एका शब्दात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. खर्च कोण करणार, निवड कोण करणार, राबणार कोण, आणि दारातून आत कोणाला सोडले जाणार हे कोण ठरवणार? या चार प्रश्नांची उत्तरे एकेकाळी बऱ्याच अंशी एकाच गटाकडे असत. आज ती चार वेगवेगळ्या हातांत गेली आहेत, आणि जागेवरून होणारे बहुतेक वाद या फुटीतून निघतात.

जुनी पद्धत निमंत्रणाची होती. स्थानिक मंडळाने बोलवायचे आणि जमलेल्यांनी ते स्वीकारायचे. एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेच्या प्रसारकांची पहिली जागतिक परिषद १९०५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन-सुर-मेर या गावी भरली, तेव्हा ६८८ लोक आले होते. नऊ वर्षांनी पॅरिसच्या परिषदेसाठी ३,७००हून अधिक लोकांनी नावे नोंदवली, पण जुलै १९१४ च्या अखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ती परिषद रद्द झाली. निमंत्रण कितीही मनापासून दिलेले असले तरी सीमेवरचा दरवाजा यजमानाच्या ताब्यात नसतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

त्या दरवाज्याकडे पाहून जागा बदलण्याचे ठळक उदाहरण मात्र बरेच नंतरचे आहे. अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्हीबाधित परदेशी प्रवाशांवर प्रवेशबंदी घातली. १९९० ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद सॅन फ्रान्सिस्कोला ठरलेली होती, तिच्यावर अनेक संघटनांनी बहिष्कार टाकला. १९९२ ची परिषद बोस्टनला व्हायची होती, ती ॲमस्टरडॅमला हलवण्यात आली. ही परिषद अमेरिकेत परतली ती २०१२ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१० मध्ये बंदी उठल्यानंतर. ज्यांच्याविषयी परिषद आहे त्यांनाच आत येता येत नसेल, तर ती जागा परिषदेसाठी योग्य नाही, हे तत्त्व तिथे एकदा स्पष्टपणे मान्य झाले होते. पुढच्या पिढीतल्या जाळ्यांना ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले, ही खेदाची गोष्ट आहे.

ही पुढची पिढी म्हणजे इंटरनेटवर उभी राहिलेली जाळी : मुक्त ज्ञानकोश (विकिपीडिया) लिहिणारे, खुले नकाशे करणारे, मुक्त आज्ञावली (सॉफ्टवेअर) घडवणारे स्वयंसेवक. ज्ञानकोशवाल्यांची पहिली जागतिक परिषद २००५ मध्ये फ्रँकफर्टच्या एका युवा वसतिगृहात भरली. त्यानंतर जागा ठरवण्याची जी रीत रूढ झाली तिला सर्वत्र ‘बोली’ म्हटले जाऊ लागले. इच्छुक गटांनी उघडपणे प्रस्ताव मांडायचे, कोणीही त्यांवर प्रश्न विचारायचे आणि शेवटी एका निवड समितीने गुण देऊन निकाल लावायचा, असा तिचा साचा होता. सभागृहात किती माणसे बसतील, विमानतळावरून यायला किती वेळ लागेल, स्वस्तात राहायची सोय किती जणांची होईल, चाकाची खुर्ची कोणत्या दारापर्यंत जाते, प्रायोजक कोण मिळतील, इथपासून ते बसल्या जागी संगणकाला वीज मिळेल का, इथपर्यंतचा तपशील प्रस्तावात भरावा लागे. या मोकळेपणामुळे २००७ मध्ये तैपेई, २००८ मध्ये अलेक्झांड्रिया, २००९ मध्ये ब्युनोस आयर्स अशा जागा निवडल्या गेल्या, आणि श्रीमंत संस्थेच्या कार्यालयात बसून कोणी निर्णय घेतला असता तर हा क्रम असाच झाला असता, असे मला वाटत नाही.

पण बोलीची किंमत हरणाऱ्यांना मोजावी लागे. महिनोन्‌महिने विनामोबदला काम करून चार-पाच गट प्रस्ताव उभे करत, त्यांतला एक निवडला जाई आणि उरलेल्यांची मेहनत वाया जाई. जिंकणाऱ्यांनाही अनुभव पुढच्या गटाकडे सोपवण्याची पक्की वाट नसल्याने दर वर्षी तेच धडे नव्याने गिरवले जात.

या पद्धतीचा कस लागला तो ज्ञानकोशवाल्यांच्या २०१६ च्या परिषदेच्या वेळी, आणि या निर्णयावर थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे वळण त्यावरून आले. २०१४ च्या अखेरीस मनिलाचा प्रस्ताव मागे टाकून उत्तर इटलीतले एसिनो लारिओ हे गाव निवडण्यात आले. कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावाची लोकवस्ती आठशेच्या आत. तिथे जगभरातून येणाऱ्या शेकडो माणसांची व्यवस्था करायची, म्हणजे गावाच्या लोकसंख्येइतके पाहुणे गावात उतरवायचे. गावकऱ्यांनी आपली घरे उघडली आणि संपूर्ण गाव कामाला लागले. ज्यांनी ती परिषद अनुभवली त्यांच्यापैकी अनेकांना तिची आठवण आजही हळवी करते.

तरीही आक्षेप खोटे नव्हते. वळणावळणाचा चढ, दमणूक करणारा शेवटचा टप्पा, चालायला त्रास असणाऱ्यांची अडचण, आणि जागेच्या मर्यादेमुळे आपोआप घटणारी उपस्थिती हे मुद्दे निवडीपूर्वीच मांडले गेले होते. समर्थकांचे उत्तर असे होते की, जी चळवळ ‘सर्वांसाठी’ म्हणवते तिने महानगरांतल्या काचेच्या सभागृहांतच का जमावे? माझ्या मते दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या. समर्थक यजमानाच्या उत्साहाविषयी बोलत होते, तर टीकाकार पाहुण्याच्या वाटेविषयी, आणि प्रस्तावांना गुण देण्याच्या तक्त्यात या दोहोंची बेरीज करून एकच आकडा निघत होता. आशियातला एक प्रस्ताव युरोपातल्या एका गावापुढे मागे पडला, याकडे त्या वेळी जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही.

गावातली परिषद होण्यापूर्वीच बोली बंद झाली. २०१७ साठी माँट्रियल आणि २०१८ साठी केपटाऊन ही शहरे खुल्या स्पर्धेविना, सुकाणू समितीमार्फत ठरवण्यात आली, आणि परिषद दरवर्षी भरवावी की वर्षाआड, हा प्रश्नही त्याच सुमारास चर्चेला आला. कारणे पटणारी होती : वाया जाणारी मेहनत थांबेल, दोन-तीन वर्षे आधी तयारी करता येईल, प्रदेशांचा क्रम आखता येईल. गमावले गेले ते उघडे कागद. प्रस्ताव सर्वांसमोर असताना ‘या शहराला चार गुण कमी का?’ असे कोणीही विचारू शकत होते. समितीच्या बैठकीत निर्णय होऊ लागल्यावर निकाल कळतो, तुलना कळत नाही. सगळ्या जाळ्यांनी ही वाट धरली नाही. मुक्त संगणकप्रणालीच्या एका जुन्या स्वयंसेवी प्रकल्पाने आपल्या परिषदेची जागा ठरवणाऱ्या बैठका कोणालाही वाचता येतील अशा खुल्या गप्पाकक्षात घेण्याची रीत ठेवली, आणि ती अधिक सन्मानाची आहे असे मला वाटते.

आता ‘यजमान’ या शब्दाकडे वळतो, कारण मराठीत या विषयावर लिहिताना तो टाळता येत नाही आणि तसाच वापरला तर घोटाळा करतो. यजमान म्हणजे मुळात स्वतःच्या खर्चाने यज्ञ करवणारा, ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांना, दक्षिणा देणारा, आणि म्हणून यज्ञाच्या फळाचा धनी. खर्च, अधिकार आणि पुण्य या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे. जागतिक परिषदेत ज्या स्थानिक गटाला आपण यजमान म्हणतो त्याच्याकडे यांतले काय असते? मुख्य पैसा मध्यवर्ती संस्थेच्या तिजोरीतून किंवा तिच्या प्रायोजकांकडून येतो. कोणाला प्रवास-शिष्यवृत्ती द्यायची, याची यादी बहुधा दुसरी समिती करते. कार्यक्रम तिसरी समिती ठरवते. स्थानिक गटाकडे उरते ती धावपळ : सभागृहाची बोलणी, नोंदणीचे टेबल, हरवलेली बॅग, रात्री अकराला येणारा फोन. जुन्या अर्थाने पाहिले तर तो यजमान नसून ऋत्विज आहे, तोही बिनदक्षिणेचा. तरीही परिषद फसली की दोष मात्र यजमान म्हणून त्याच्याच माथी येतो. एक मर्यादा मान्य करायला हवी : काही ठिकाणी स्थानिक गट पैसाही उभा करतो आणि शब्दाला जागतो. पण मग ज्या देशांत असा पैसा उभा करणे सोपे आहे तेच देश पुन्हापुन्हा पुढे येतात.

यावर तोडगा म्हणून फिरता क्रम आला. त्याचा सर्वांत बोलका नमुना खुल्या भू-माहिती प्रणालींवर (नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळणाऱ्या आज्ञावलींवर) काम करणाऱ्यांच्या परिषदेत दिसतो. तिथे बराच काळ तीन पाळ्या होत्या : युरोप, उत्तर अमेरिका आणि ‘उर्वरित जग’. २०१० बार्सिलोना, २०११ डेन्व्हर, २०१२ बीजिंग. २०१३ नॉटिंगहॅम, २०१४ पोर्टलंड, २०१५ सोल. २०१६ बॉन, २०१७ बोस्टन, २०१८ दार-ए-सलाम. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया मिळून तीन वर्षांतून एक पाळी. त्यातही बीजिंगची परिषद रद्द झाली आणि ती पाळी रिकामीच गेली. क्रम समान दिसतो, पण तो नकाशाशी नव्हे तर तेव्हाच्या सभासदसंख्येशी समान होता, आणि सभासद जिथे कमी तिथे परिषद कमी, परिषद कमी तिथे सभासद कमी, असे ते चक्र होते. अलीकडे ते मोडलेले दिसते : २०२३ मध्ये कोसोव्होतील प्रिझ्रेन, २०२४ मध्ये ब्राझीलमधील बेलेम, २०२५ मध्ये ऑकलंड.

दाराचा प्रश्न मात्र कोणत्याही क्रमाने सुटलेला नाही. जागतिक सामाजिक मंच हा जगभरच्या सामाजिक चळवळींचा मेळावा २००१ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत सुरू झाला, २००४ मध्ये मुंबईत आला, २००६ मध्ये बामाको, कराकस आणि कराची असा तीन ठिकाणी भरला. २०१६ मध्ये तो माँट्रियलला, पहिल्यांदाच श्रीमंत उत्तरेत गेला, आणि दक्षिणेकडच्या विकसनशील देशांतल्या अनेक प्रतिनिधींना व्हिसा नाकारला गेला. त्याच शहरात २०२२ च्या एड्स परिषदेत तेच घडले, आणि आफ्रिकेतून येणाऱ्या अनेकांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एकाच शहरात सहा वर्षांत दोनदा हा अनुभव आल्यावर त्याला योगायोग म्हणता येत नाही. उत्तरेबाहेर गेल्यानेही खात्री मिळत नाही. डिजिटल हक्कांवरची एक मोठी सभा २०२३ मध्ये कोस्टा रिकाच्या सान होसे येथे भरली, तेव्हाही अनेकांना प्रवेश मिळाला नाही.

व्हिसा नाकारला जाणे म्हणजे काय, हे निमंत्रणपत्र हातात धरून पाहिले की कळते. एका पानाचे पत्र असते. वर संस्थेचे नाव, मग प्रतिनिधीचे पारपत्रातले पूर्ण नाव आणि क्रमांक, परिषदेच्या तारखा, राहण्याचा पत्ता, आणि खर्च कोण करणार हे सांगणारे एक वाक्य. ते घेऊन माणूस वकिलातीची वेळ मिळवतो, कधी त्यासाठी दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात जातो, बँकेचा उतारा आणि नोकरीचा दाखला जोडतो, शुल्क भरतो. सामाईक व्हिसा देणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांसाठी ते जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. ज्या स्वयंसेवकाला नियमित पगार नाही, घर स्वतःच्या नावावर नाही, त्याचा ‘परत जाण्याचा हेतू’ कागदावर सिद्ध होत नाही. परिषदेच्या सभागृहात ही माणसे दिसत नाहीत, म्हणून समारोपाच्या अहवालात त्यांचा आकडाही सहसा नसतो.

२०२० मध्ये महासाथीने सगळेच दरवाजे बंद केले. ज्ञानकोशवाल्यांची बँकॉकची आणि नकाशाकारांची केपटाऊनची परिषद प्रत्यक्षात झालीच नाही. पडद्यावर भरलेल्या सभांत व्हिसा लागला नाही. त्याऐवजी कोणाच्या घड्याळात रात्रीचे तीन वाजणार, हा नवा जागेचा प्रश्न उभा राहिला. प्रत्यक्ष परिषदा परतल्या तेव्हा यादीचे रूप बदलले होते : मुक्त संगणकप्रणालीवाले २०२३ मध्ये कोचीला, नकाशाकार २०२४ मध्ये आणि ज्ञानकोशवाले २०२५ मध्ये नैरोबीला. नैरोबीला निघालेल्या आफ्रिकेतल्या अनेक स्वयंसेवकांना या वेळी शेंगेनच्या रांगेत उभे राहावे लागले नाही, तर युरोपातल्या स्वयंसेवकांना प्रवासापूर्वी केनियाच्या ऑनलाइन प्रवेश परवान्याचा अर्ज भरावा लागला.