मास्कच्या काचेवर धुके का साचते?

ऑक्टोबर ते मे या हंगामात वास्कोजवळच्या ग्रँड बेटाकडे डायव्हिंगसाठी निघालेल्या होड्यांवर पाण्यात उतरण्यापूर्वी मास्कच्या काचेवर आतून थुंकण्याची, ती लाळ बोटाने चोळण्याची आणि मग काच समुद्राच्या पाण्यात एकवार विसळून घेण्याची जुनी पद्धत आहे. नवखे पर्यटक नाक मुरडतात, परंतु या प्रकारामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे.

मास्कमध्ये कोंडलेली हवा चेहऱ्याच्या उबेने आणि नाकातून सुटणाऱ्या श्वासाने ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते व बाष्पाने जवळजवळ संपृक्त होते. या तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावते, समुद्राच्या पाण्याने गार झालेल्या काचेच्या २८ अंशांना मात्र २७ ग्रॅमच. आपल्याकडचा समुद्र उबदार असला तरी काचेला एवढा फरक पुरतो, आणि जास्तीचे बाष्प तिच्यावर जमते. मास्कमधली हवा जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर असल्याने एका वेळी जमणारे पाणी मिलिग्रॅमभरच भरते. ते काचेवर सारखे पसरले, तर त्या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतकी असेल आणि तो आपल्याला दिसणारही नाही. अडचण अशी की काचेवर तेलकट अंश असला, की पाणी पसरत नाही. पृष्ठताणामुळे त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब होतात, प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा वळवतो आणि समोरचे सारे पांढुरके होते. त्वचेतून बाष्प येतच राहणार, म्हणून ते रोखण्यापेक्षा जमलेल्या पाण्याला पसरू देणे हाच खरा उपाय आहे. लाळेतील म्युसिनसारखी प्रथिने तेच काम करतात. पाण्यात कालवलेला बेबी शॅम्पू हे काम अधिक चांगले करतो, आणि भाड्याचा मास्क अनेकांच्या तोंडावर चढत असेल तर तोच बरा, असे माझे मत आहे. मात्र विसळणे हलकेच हवे. खळखळून धुतले तर थरच निघून जातो.

नव्या मास्कच्या काचेवर सिलिकोनचा पातळ लेप असतो आणि तो निघेपर्यंत थुंकीचा फारसा उपयोग होत नाही. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून घासून स्वच्छ धुतली की काम भागते. काही जण लायटरची ज्योत फिरवतात, पण प्लॅस्टिकच्या भिंगाची त्याने नासाडी होते, आणि टणक केलेल्या काचेभोवतीचे सिलिकोनही जळू शकते.

पणजीच्या कांपाल तलावावर वापरले जाणारे पोहण्याचे गॉगल बहुधा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्या आत कारखान्यातच पाणी पसरवणारा लेप दिलेला असतो. तेथे टूथपेस्ट वर्ज्य. धुके आले म्हणून बोटाने पुसणेही वर्ज्य, कारण पहिल्या काही आठवड्यांतच लेप खरवडला जातो तो याच सवयीने.

अंतराळातही ही अडचण आलेली आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए यानाबाहेर पडलेल्या यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच श्रमाच्या घामाने इतकी धुरकटली की त्यांना नियोजित काम अर्धवट सोडावे लागले.

होडीवर मास्क कपाळावर चढवून ठेवण्याची सवयही घातकच, कारण उन्हात तापलेल्या कपाळाचा घाम थेट काचेवर जातो. मास्क गळ्यात अडकवावा, चेहरा समुद्राच्या पाण्याने ओला करून गार करावा आणि मगच तो लावावा. एवढे करूनही पाण्याखाली धुके आलेच, तर प्रशिक्षित डायव्हर मास्कमध्ये थोडे पाणी घेतात, मान खाली घालून ते काचेवर फिरवतात आणि वर पाहत नाकाने श्वास सोडून बाहेर काढतात. गॉगलमध्ये नाकच नसल्याने ही सोय नाही, तेथे काठाशी येऊन तो विसळावा लागतो.