पारंपरिक पदार्थांवरील गुणवत्ताचिन्हे ग्राहक कशी वाचतात?

चीजचा रंग दुकानातच दिसतो आणि चव घरी गेल्यावर कळते. पण ते खरोखर नावातल्याच प्रदेशातील दुधापासून, तिथल्या जुन्या पद्धतीने बनले आहे का, हे शेवटचा तुकडा खाल्ल्यावरही कळायला मार्ग नसतो. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा, केवळ विश्वासावर स्वीकाराव्या लागणाऱ्या गुणांचा वेगळा गट मांडला. पारंपरिक पदार्थांचे मोल बरेचसे याच गुणांवर ठरते. त्या विश्वासाला कायद्याचा आधार मिळावा, म्हणून युरोपीय संघाने १९९२ मध्ये अशा पदार्थांसाठी संरक्षित नावांची व्यवस्था सुरू केली.

या व्यवस्थेतील दोन प्रमुख चिन्हांमधला फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. ‘पीडीओ’ (संरक्षित मूळस्थान-नाव) मिळालेल्या पदार्थाच्या निर्मितीचे सर्व टप्पे ठरलेल्या प्रदेशातच पार पडावे लागतात. पार्मिजानो रेजानो या इटालियन चीजचे दूध पार्मा, रेजो एमिलिया, मोडेना आणि लगतच्या ठरावीक भागातलेच असते आणि चीज किमान १२ महिने मुरवावे लागते. ‘पीजीआय’साठी (संरक्षित भौगोलिक संकेत) मात्र एखादा टप्पा त्या प्रदेशात झाला तरी पुरते. त्यामुळे जर्मनीतील ‘ब्लॅक फॉरेस्ट हॅम’चे मांस दुसरीकडून आलेले असू शकते. ही दोन्ही चिन्हे पूर्वी निळ्या-पिवळ्या रंगांत आणि जवळपास सारखीच असत. ग्राहकांना ती वेगळी ओळखता यावीत, यासाठी २००८ मध्ये ‘पीडीओ’ला लाल-पिवळा रंग देण्यात आला.

रंग बदलल्याने चिन्ह ओळखणे सोपे झाले असेल, पण ओळखणे, समजणे आणि खरेदीत वापरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळात ओळखच कमी आहे: २०२० च्या युरोबॅरोमीटर या युरोपीय संघाच्या जनमत पाहणीत सेंद्रिय शेतीचे चिन्ह निम्म्याहून अधिक लोकांनी ओळखले, ही भौगोलिक चिन्हे मात्र त्याहून कितीतरी कमी जणांनी. ज्यांना चिन्ह ठाऊक असते, तेही त्यातून अनेकदा भलताच अर्थ काढतात, जसे की पदार्थ आरोग्यालाही चांगलाच असणार. एका चांगल्या गुणावरून बाकीचे गुणही चांगलेच असणार असे मानण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘हॅलो इफेक्ट’ म्हटले. मूळस्थानाचे चिन्ह मीठ किंवा चरबी कमी असल्याची कोणतीही ग्वाही देत नाही. त्यासाठी पोषणमूल्यांचा तक्ताच वाचावा लागतो.

प्रत्यक्ष खरेदीत किंमत, सवय आणि ओळखीचे नाव यांचेच पारडे जड राहते. पार्मिजानोचे नाव ज्याला पूर्वीपासून माहीत आहे, त्याला चिन्हाची गरज फारशी भासत नाही. खरी गरज अपरिचित पदार्थ हाती घेणाऱ्याला असते, आणि नेमका त्यालाच त्या चिन्हाचा अर्थ लावता येत नाही. माझ्या मते चिन्हाशेजारी एक साधे वाक्य छापणे रंग बदलण्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल. उदाहरणार्थ, हॅमच्या पाकिटावर ‘मांस बाहेरचे असू शकते, खारवणे आणि धुरी देणे ब्लॅक फॉरेस्टमध्येच’ एवढे लिहिलेले असले, तरी आपण कशाचे जास्त पैसे मोजत आहोत हे ग्राहकाला तिथल्या तिथे कळेल.