अमेरिकेतल्या जुन्या वास्तूची राष्ट्रीय नोंद : अर्ज कोणी आणि कसा करायचा?

अमेरिकेत मे महिना ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी साजरा होतो. १९७३ मध्ये आठवडाभराचा असलेला हा उपक्रम २००५ पासून महिनाभर चालतो. जुनी शाळा, गिरणी किंवा रेल्वे स्थानक बघायला लोक जमतात, आठवणी निघतात. ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदीसाठी अर्ज करायचा असेल तर या आठवणी आणि घरोघरचे जुने फोटो तेव्हाच गोळा करा. पुढे त्यांचाच आधार लागतो.

पात्रता : वास्तू साधारण ५० वर्षांची हवी. पण नुसतं वय पुरत नाही. महत्त्वाची घटना, महत्त्वाची व्यक्ती, वैशिष्ट्यपूर्ण बांधणी किंवा त्या जागेतून इतिहासाची नवी माहिती मिळण्याची शक्यता, यांपैकी एक तरी निकष लागू व्हावा लागतो. शिवाय मूळ रूप ओळखू येण्याइतकं शिल्लक हवं. महत्त्व असाधारण असेल तर वयाची अट शिथिल होते. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या बारची नोंद १९९९ मध्ये झाली, तेव्हा तिथल्या समलिंगी समाजाच्या १९६९ च्या उठावाला जेमतेम ३० वर्षं झाली होती.

कागदपत्रे : ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, वास्तूचं वर्णन, हद्दीचा तपशील, नकाशा, फोटो आणि संदर्भसूची. पण अर्जाचा जीव आहे तो महत्त्व सांगणाऱ्या भागात. ‘आमच्या गावाची शान’ असं लिहून काहीच सिद्ध होत नाही. इथे काय घडलं, कधी घडलं आणि ते याच वास्तूत कसं दिसतं, हे पुराव्यानिशी मांडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

प्रक्रिया : अर्ज कुणीही तयार करू शकतं, मालकच हवा असं नाही. लिहायला बसण्याआधी राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाशी बोला. वास्तू पात्र ठरेल का, याचा अंदाज तिथे मिळतो. अर्ज राज्याच्या परीक्षण मंडळापुढे जातो. मालकाला आधी नोटीस मिळते. एकट्या खासगी मालकाने नोटरी केलेली हरकत दिली तर नोंद होत नाही. संपूर्ण परिसराचा अर्ज असेल, तर नोंद अडायला निम्म्याहून अधिक खासगी मालकांची हरकत लागते. म्हणून मालकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. राज्याने पाठवलेल्या अर्जावर ही नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था, नॅशनल पार्क सर्व्हिस, साधारण ४५ दिवसांत निर्णय देते.

नोंद झाली म्हणजे वास्तू वाचली, असं मात्र समजू नका. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल, तर खासगी मालक ती पाडूही शकतो. उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवर २० टक्के करसवलत मिळू शकते, राहत्या घराला ती नाही. पाडकाम रोखण्याची ताकद बहुधा स्थानिक नियमांत असते, त्यामुळे शहराच्या जतन आयोगाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तोही याच कागदपत्रांवर लगेच तयार करा.